श्वास रोखण्याचे दहा सेकंद : सीटी स्कॅन विभागातील एका दुर्लक्षित बाबीविषयी



वार्षिक अहवालाच्या या पानावर दरवर्षी रुग्णालयातील एखाद्या विभागाचे काम सोप्या शब्दांत समजावून सांगण्याचा प्रघात आहे. यंदा सीटी स्कॅन विभागाची निवड केली आहे. प्रस्तुत लेखक वैद्यकीय शाखेचा नाही. वाणिज्य शाखेची पदवी घेऊन आयुष्यभर जमाखर्चाच्या वह्या सांभाळलेला मी एक प्रशासकीय सेवक आहे. त्यामुळे या लेखातील शास्त्रीय भाग आमच्या क्ष-किरणतज्ज्ञांकडून व तंत्रज्ञांकडून समजून घेऊन लिहिला आहे. तो समजून घेण्याची गरज मला का वाटली, हेही ओघाने येईलच.

सीटी स्कॅनच्या खोलीबाहेर बसलेल्या नातेवाइकांना आतून ध्वनिक्षेपकावरचे शब्द ऐकू येतात : ‘श्वास घ्या… रोखून धरा… सोडा.’ बहुतेकांना ही एक औपचारिकता वाटते. वस्तुतः कोट्यवधी रुपयांच्या त्या यंत्राची सारी उपयुक्तता या तीन आज्ञांच्या मधल्या दहा-पंधरा सेकंदांवर अवलंबून असते.

यंत्र काय करते?

साध्या क्ष-किरण छायाचित्रात छातीतील सर्व अवयवांच्या सावल्या एकमेकींवर पडतात. सीटी स्कॅनमध्ये क्ष-किरणांची नळी रुग्णाभोवती गोल फिरते, समोरचे संवेदक शरीरातून पार झालेले किरण मोजतात आणि संगणक त्या मोजमापांतून शरीराचे आडवे छेद तयार करतो. काकडीच्या चकत्या कराव्यात आणि प्रत्येक चकती वेगळी पाहावी, तसा हा प्रकार आहे.

या यंत्राचे जनक गॉडफ्री हाउन्सफील्ड हे इंग्लंडमधील ईएमआय कंपनीतील अभियंता होते. १ ऑक्टोबर १९७१ रोजी लंडनच्या विंबल्डन भागातील अ‍ॅटकिन्सन मॉर्ले रुग्णालयात पहिल्या रुग्णाचे स्कॅन झाले. या शोधाबद्दल हाउन्सफील्ड व पदार्थवैज्ञानिक अ‍ॅलन कॉरमॅक यांना १९७९ चे नोबेल पारितोषिक विभागून मिळाले. पहिले स्कॅन मेंदूचे होते. त्या वेळी एका छेदाच्या मोजमापासाठी चार ते पाच मिनिटे लागत, आणि एवढा वेळ स्थिर ठेवता येण्याजोगा अवयव म्हणजे कवटीतील मेंदू. छाती आणि पोट यांच्या वाट्याला हे तंत्र नंतर आले, कारण तेथे श्वास आडवा येत होता.

श्वासाने काय हलते?

विश्रांतीत असलेला प्रौढ माणूस मिनिटाला साधारण १२ ते २० वेळा श्वास घेतो. म्हणजे एक श्वासोच्छ्वास तीन ते पाच सेकंदांचा झाला. छाती व पोट यांच्यामध्ये श्वासपटल नावाचा स्नायूंचा घुमटाकार पडदा असतो. शांत श्वासात तो एक ते दोन सेंटिमीटर खाली-वर होतो आणि दीर्घ श्वासात त्याहून कितीतरी अधिक. त्याच्याबरोबर फुप्फुसाचा खालचा भाग, यकृत, प्लीहा, स्वादुपिंड, मूत्रपिंडे हे सारे सरकतात. फुप्फुसाचे शेंडे मात्र फारसे हलत नाहीत. हा फरक पुढे उपयोगी पडणार आहे, म्हणून तो ध्यानात असू द्यावा.

आमच्या कार्यालयातला दाखला द्यायचा तर, झेरॉक्स काढताना दिवा सरकत असताना कागद हलला की अक्षरे लांबट, दुहेरी किंवा पुसट उमटतात. दोष मूळ कागदात नसतो आणि यंत्रातही नसतो. फुप्फुसाचेही तसेच होते. श्वासपटलाची कड दुहेरी दिसते. एकच रक्तवाहिनी दोन समांतर रेषांसारखी दिसून श्वासनलिका रुंदावल्याचा भास होतो. श्वास अर्धवट सोडलेला असेल तर फुप्फुसात हवा कमी राहते, ते दाट दिसते, आणि निरोगी भागावरही धुरकट छटा येऊन आजार असल्यासारखे वाटते.

याच्या उलट प्रकारही घडतो आणि तो अधिक धोकादायक आहे. स्कॅनच्या मध्येच श्वास सुटला तर अवयव एकदम वर सरकतो. एखादा भाग दोनदा टिपला जातो आणि एखादा भाग मुळीच टिपला जात नाही. काही मिलिमीटरची लहान गाठ त्या फटीत निसटू शकते. रोजकीर्दीचे मधले एक पान गळाले, तरी बाकीची पाने सुवाच्य दिसतात म्हणून हिशेब बरोबर आहे असे आपण मानावे, तसे ते होईल.

एक चूक, जी माझ्या सहीने झाली

काही वर्षांपूर्वीची गोष्ट आहे. झरी जामणी तालुक्यातील एका कोलाम पोडावरून एका वृद्ध स्त्रीला तिचा मुलगा घेऊन आला. अचानक दम लागला होता. फुप्फुसाच्या रक्तवाहिनीत रक्ताची गुठळी अडकली असावी, अशी डॉक्टरांना शंका होती. अशा वेळी शिरेतून औषध सोडून, ते फुप्फुसाच्या रक्तवाहिन्यांत पोचण्याच्या नेमक्या क्षणी स्कॅन करावे लागते.

मातोश्रींना कोलामी येत होती आणि कामापुरती मराठी. यंत्रातून ध्वनिमुद्रित हिंदी आज्ञा आल्या. भिंतीतून परका आवाज आला, त्याच वेळी औषधामुळे अंगातून ऊब गेली, आणि त्या दचकून वळल्या. चित्रे पुसट आली. फुप्फुसाच्या खालच्या भागातील रक्तवाहिन्यांत काळसर ठिपके दिसत होते. ते गुठळीचे आहेत की हालचालीचे, हे सांगता येईना. गुठळी असेल तर रक्त पातळ करणारे औषध ताबडतोब द्यायला हवे, आणि नसेल तर त्या औषधाने विनाकारण रक्तस्रावाचा धोका पत्करावा लागेल. अंदाजाने निर्णय घेण्यास आमच्या तज्ज्ञांनी नकार दिला.

मूत्रपिंडांची तपासणी पाहून दुसऱ्या दिवशी स्कॅन पुन्हा केले. या वेळी आश्रमशाळेत शिकणारा त्यांचा नातू नियंत्रण कक्षात माईकसमोर बसला होता. आधी त्याने आजीजवळ उभे राहून, काय होणार ते तिच्या भाषेत सांगितले आणि दोनदा सराव करून घेतला. चित्रे स्वच्छ आली. गुठळी नव्हती, फुप्फुसाच्या तळाशी जंतुसंसर्ग होता. त्यावर उपचार झाले आणि मातोश्री घरी गेल्या.

मात्र मधल्या काळात दुसऱ्या स्कॅनचे दुसरे बिल निघाले होते. ‘दोन तपासण्या, दोन बिले’ या नियमाने मीच त्यावर सही केली होती. कापूस विकून आणलेल्या पैशांतून मुलाने ते भरले, एका शब्दानेही तक्रार केली नाही. संध्याकाळी आमचे क्ष-किरणतज्ज्ञ माझ्या खोलीत आले. बाईंना जी भाषा समजत नाही त्या भाषेत आपण आज्ञा दिली, आणि तिचे पैसे त्यांच्याकडून का घेतले, एवढेच त्यांनी विचारले. माझ्यापाशी उत्तर नव्हते. रक्कम परत केली. पण त्या प्रश्नामुळेच मला या विषयाचा अभ्यास करावा लागला.

उपाय पहिला : यंत्राचा वेग

विश्वस्तांच्या सभेत साहजिकच विचारणा झाली, की अधिक वेगवान यंत्र घेतले तर हा प्रश्न सुटेल काय? याचे उत्तर ‘अर्धा सुटेल’ असे आहे.

१९७० च्या दशकाच्या मध्यास संपूर्ण शरीराची यंत्रे आली, तेव्हा एका छेदाला सुमारे २० सेकंद लागत. प्रत्येक छेदासाठी रुग्णाने नव्याने श्वास रोखायचा, आणि दर वेळी तो सारखाच खोल असेल याची शाश्वती नाही. १९८० च्या दशकाच्या अखेरीस सर्पिल पद्धत आली. नळी फिरत असतानाच पलंग सरकत राहतो, आणि सारी छाती एका दमात टिपणे शक्य झाले. तो दम मात्र अर्ध्या मिनिटाचा होता. १९९८ च्या सुमारास एका फेरीत चार छेद घेणारी यंत्रे आली, २००४ च्या सुमारास ६४ छेदांची. आज १६ छेदांच्या यंत्रावर छातीच्या तपासणीला साधारण १० ते १५ सेकंद आणि ६४ छेदांच्या यंत्रावर पाच-सहा सेकंद लागतात. दोन क्ष-किरण नळ्या असलेल्या अतिजलद यंत्रांवर तर हे काम सुमारे एका सेकंदात होते.

वेगाने चित्र हलण्याचा दोष जातो, हे खरे. दमेकरी, लहान मुले, अत्यवस्थ रुग्ण यांना त्याचा मोठा लाभ आहे. परंतु फुप्फुस हवेने भरण्याचे काम कोणतेही यंत्र करू शकत नाही. श्वास सोडलेल्या अवस्थेत घेतलेले एका सेकंदाचे चित्रही धुरकटच येईल. म्हणून यंत्र कितीही महागडे असले तरी रुग्णाला समजावून सांगणारा माणूस तेथे लागतोच.

उपाय दुसरा : तंत्रज्ञाचे कसब

फुप्फुसाचा तळ अधिक हलतो आणि शेंडा कमी, हे वर सांगितले. दम लागलेल्या रुग्णाचे स्कॅन तंत्रज्ञ अनेकदा खालून वर घेतात. शेवटच्या सेकंदांत रुग्णाचा धीर सुटलाच, तर तोवर तळ टिपून झालेला असतो आणि शेंड्याचे फार बिघडत नाही. यासाठी एक पैसाही खर्च होत नाही.

प्रत्येक तपासणीचा श्वासही वेगळा असतो. फुप्फुसांसाठी छातीभर श्वास हवा. रक्तवाहिनीतील गुठळी शोधताना मात्र मध्यम श्वास घ्यायला सांगतात. एकदम खोल श्वास घेतला तर पोटाकडून औषध न मिसळलेले रक्त हृदयाकडे ओढले जाते व रक्तवाहिन्यांतील औषध पातळ होते. दम्यासारख्या काही आजारांत श्वास पूर्ण सोडून दुसरे स्कॅन घेतात, म्हणजे कोठे हवा अडकून राहते ते कळते. सुईने गाठीचा तुकडा घ्यायचा असेल, तर प्रत्येक वेळी तेवढाच श्वास रोखावा लागतो. अन्यथा गाठ सुईच्या वाटेतून बाजूला सरकते.

तान्ह्या बाळाला आज्ञा देता येत नाही. त्याला पाजून, दुपट्यात घट्ट गुंडाळून, झोप लागल्यावर स्कॅन करता येते. कृत्रिम श्वासयंत्रावरील रुग्णाच्या बाबतीत भूलतज्ज्ञ डॉक्टर काही सेकंद यंत्राचा श्वास थांबवतात. ऐकू न येणाऱ्या रुग्णासाठी हाताच्या खुणा आधी ठरवून घेतात.

उपाय तिसरा : रुग्णाची भाषा

आपल्या यवतमाळ जिल्ह्यात या उपायाला विशेष महत्त्व आहे. येथे वऱ्हाडी बोलणारा शेतकरी येतो, पुसद-दिग्रसकडच्या तांड्यावरून गोरमाटी बोलणारे बंजारा कुटुंब येते, पांढरकवडा-मारेगावकडून गोंडी व कोलामी बोलणारे येतात, उर्दू-हिंदी बोलणारे येतात, सीमेवरून तेलुगू बोलणारेही येतात. फुप्फुसाचे आजारही येथे पुष्कळ आहेत. वणी भागात कोळशाच्या खाणी आहेत, जिनिंगमध्ये कापसाची धूळ आहे, घरोघरी चुलीचा धूर आहे, आणि क्षयरोग अजून गेलेला नाही.

मराठीतही घोटाळा होतो. ‘श्वास रोखा’ हे पुस्तकी वाटते म्हणून आमचा एक तंत्रज्ञ ‘बाबाजी, दम धरा’ असे म्हणत असे. एका वृद्ध शेतकऱ्याने पलंगावरूनच उत्तर दिले, ‘सकाळपासून दमच धरून बसलो ना जी!’ दम धरणे म्हणजे धीर धरणे, हाच अर्थ त्यांना ठाऊक होता. उत्तर देताना श्वास सुटला आणि स्कॅन पुन्हा करावे लागले. सारे हसले, पण किरणांची मात्रा बाबाजींना दुप्पट मिळाली होती.

त्यानंतर आम्ही व्यवस्था बदलली. बहुतेक यंत्रांत आपल्या आवाजातील आज्ञा ध्वनिमुद्रित करण्याची सोय असते. आमच्याच परिचारिका, सेवक आणि रुग्णांचे नातेवाईक यांच्या मदतीने स्थानिक भाषांतील आज्ञा भरून घेतल्या. ‘तोंड मिटा, नाक चिमटीत धरल्यासारखे करा, छाती हलू देऊ नका’ असे साधे शब्द निवडले. आणि प्रत्येक रुग्णाकडून पलंगावर झोपल्यावर दोनदा सराव करून घेणे बंधनकारक केले.

कोविडने दिलेला धडा

२०२० व २०२१ या वर्षांत छातीचे सीटी स्कॅन घरोघरी माहीत झाले. सप्टेंबर २०२० मध्ये राज्य शासनाने त्याचे कमाल दर ठरवून दिले : यंत्राच्या क्षमतेनुसार २,०००, २,५०० व ३,००० रुपये. फेब्रुवारी २०२१ मध्ये अमरावती व यवतमाळ जिल्ह्यांत रुग्ण झपाट्याने वाढले. त्या आजारात फुप्फुसावरील धुरकट छटाच शोधायची होती, आणि अर्धवट श्वासाने नेमकी तशीच छटा उमटते. ज्याला चार शब्द बोलताना धाप लागते त्याने श्वास कसा रोखायचा? प्राणवायू चालू ठेवून, आधी तीन-चार दीर्घ श्वास घ्यायला लावून, शक्य तेवढ्या कमी सेकंदांत स्कॅन उरकायचे, ही रीत तेव्हा अंगवळणी पडली.

मोठ्या शहरात ‘श्वास चालू ठेवा’ का म्हणतात?

कर्करोगाचे आपले रुग्ण नागपूरला किंवा मुंबईला जातात. परतल्यावर नातेवाईक विचारतात, की तुम्ही श्वास रोखायला सांगता, तेथे नेहमीसारखा घेत राहा म्हणाले, खरे कोणाचे? दोन्ही खरे आहे.

पेट-सीटी तपासणीतील पेटचा भाग कित्येक मिनिटे चालतो, तेवढा वेळ श्वास रोखणे अशक्य. म्हणून सीटीचा भागही शांत श्वासात किंवा त्याच्याशी जुळेल असा घेतात.

किरणोपचाराचे नियोजन करताना तर हालचाल लपवायची नसते, मोजायची असते. रुग्णाच्या पोटावर लहान ठोकळा ठेवून किंवा पट्टा बांधून श्वासाचा आलेख घेतात आणि श्वासाच्या प्रत्येक टप्प्यावरची चित्रे वेगळी लावतात. याला चार मितींचे सीटी म्हणतात, चौथी मिती काळाची. गाठ कोठून कोठवर सरकते हे त्यातून कळते. त्यानुसार किरणांचे क्षेत्र आखतात किंवा श्वासाच्या ठराविक टप्प्यावरच किरण सोडतात. डाव्या स्तनाच्या कर्करोगात अनेक ठिकाणी दीर्घ श्वास रोखून किरण देतात, कारण त्यामुळे हृदय छातीच्या भिंतीपासून दूर सरकते आणि त्याला कमी किरण लागतात. येथे श्वास रोखणे हा उपचाराचाच भाग होतो.

हिशेबाची बाजू

छातीच्या सर्वसाधारण सीटी स्कॅनमध्ये रुग्णाला सुमारे ५ ते ७ मिलिसीव्हर्ट किरणमात्रा मिळते. निसर्गातून माणसाला वर्षाकाठी जागतिक सरासरीने सुमारे २.४ मिलिसीव्हर्ट मिळतच असते. म्हणजे एक स्कॅन दोन-तीन वर्षांच्या नैसर्गिक मात्रेइतके. आवश्यक तपासणीसाठी हे योग्यच आहे, त्यास घाबरू नये. पण दुसऱ्यांदा स्कॅन केले तर ती मात्रा दुप्पट होते, शिरेतील औषध पुन्हा द्यावे लागते, आणि पोडावरून आलेल्या कुटुंबाची आणखी एक मजुरी बुडते.

म्हणून श्वासाच्या हालचालीमुळे स्कॅन पुन्हा करावे लागल्यास त्याचे बिल न आकारण्याचा निर्णय झाला. त्याचा भार संस्थेवर पडतो. पुन्हा केलेल्या प्रत्येक स्कॅनची कारणासह वेगळी नोंदवही ठेवली आहे. ज्या चुकीचा खर्च आपल्या वहीत दिसतो, ती सुधारावीशी वाटते. रुग्णाच्या खिशातून गेलेला खर्च मात्र कोणाच्याच वहीत दिसत नाही.

नातेवाइकांसाठी काही सूचना

१. रुग्णास कोणती भाषा नीट समजते, ऐकू कमी येते काय, हे तंत्रज्ञास आधी सांगावे.

२. घरीच किंवा बाहेर बसल्या बसल्या १५ सेकंद श्वास रोखण्याचा सराव करून घ्यावा. दम लागत असल्यास जबरदस्ती करू नये, तसे तंत्रज्ञास सांगावे.

३. खोकला येत असल्यास आत जाण्यापूर्वी खोकून घ्यावे.

४. शिरेतील औषधाने अंगात ऊब आल्यासारखे वाटते. ते क्षणभराचे असते, दचकू नये, हे रुग्णास आधी सांगून ठेवावे.

५. आतून आवाज आल्यावर उत्तर देऊ नये, मानही हलवू नये.

६. श्वास सुटलाच तर लपवू नये. लगेच सांगितल्यास तेवढाच भाग पुन्हा घेता येतो.

७. दमा, मधुमेह, मूत्रपिंडाचा विकार, औषधाची अ‍ॅलर्जी किंवा गरोदरपणाची शक्यता असल्यास आधीच कळवावे.

देणगीदारांस एक नम्र निवेदन आहे. यंत्रासाठी दिलेल्या देणगीची संगमरवरी पाटी भिंतीवर लागते आणि ती लागलीच पाहिजे. परंतु तंत्रज्ञाने प्रत्येक रुग्णासाठी द्यायची पाच मिनिटे, भाषा जाणणाऱ्या सेवकाचे वेतन, आणि विनाशुल्क केलेले दुसरे स्कॅन यांवर कोणाच्याही नावाची पाटी लावता येत नाही. अहवालातील जमाखर्चात त्यांची नोंद ‘इतर खर्च’ या सदराखाली आढळेल. ते सदर वाचताना त्या कोलाम मातोश्री आणि माईकसमोर बसलेला त्यांचा नातू आठवावा, एवढीच विनंती.



आपला नम्र,
प्रशासकीय अधिकारी